पांढऱ्या थराचा हिशेब

काळ्या टी-शर्टवर पिवळं अक्षर उठून दिसायचं असेल तर त्याखाली आधी पांढरा छापावा लागतो. कापडावर थेट छपाई करणाऱ्या डीटीजी प्रिंटरची रंगीत शाई पारदर्शक असते. पांढऱ्या कापडावर ती कापडाच्याच शुभ्रतेने उजळते, काळ्यावर मात्र जवळजवळ नाहीशी होते. भिंतीला रंगाआधी प्रायमर द्यावा तसा हा पांढरा थर. छपाईवाले त्याला अंडरबेस म्हणतात. यंत्राच्या माहितीपत्रकात वेग असतो, छपाईचा आकार असतो, हेडची संख्या असते; पण पांढरा नेमका कुठे पडायचा आणि किती, हे यंत्र ठरवत नाही. ते ठरवतं शेजारच्या संगणकात चालणारं रिप सॉफ्टवेअर, म्हणजे चित्राचं रूपांतर शाईच्या ठिपक्यांत करणारा प्रोग्राम. ते निवडताना किंमत आणि रंगांचा झगमगाट यांवरच बोलणं संपतं, आणि नुकसान तिथूनच सुरू होतं. माझ्या मते रिपची खरी परीक्षा एकच आहे: पांढऱ्या थरावर ते छपाई करणाऱ्याला किती ताबा देतं.

रिपचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. ॲडोबीने १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा आणली आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या लेझररायटरमध्ये रिप प्रिंटरच्या पोटातच होता. प्रिंटरला अर्धवट ठिपका टाकता येत नाही. शाई पडते किंवा पडत नाही, फार तर थेंब लहान-मोठा होतो. म्हणून छटा भासवण्यासाठी ठिपक्यांची मांडणी करावी लागते, आणि त्यासाठी फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेली रीत आजही उपयोगात आहे. कापडाच्या छपाईसाठी पुढे वेगळे रिप तयार झाले. कॅनडातल्या कॅडलिंकचा डिजिटल फॅक्टरी त्यातला एक. आपल्या शेजारच्या सुरतेत कोठारी इन्फोटेकने बनवलेला कोठारी प्रिंट प्रो दुसरा. एप्सनने २०१३ मध्ये एफ२००० हा प्रिंटर आणला तेव्हा गारमेंट क्रिएटर हे साधं सॉफ्टवेअर सोबतच दिलं. कागदाच्या छपाईत ज्याचा कधी विचारच करावा लागला नाही तो पांढरा रंग या सगळ्यांच्या पुढ्यात आला.

हा पांढरा फार हट्टी पदार्थ आहे. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, तळाशी बसतं, नोझल बुजवतं. कापडावर आधी क्षारयुक्त द्रावण फवारलेलं नसेल तर तो धाग्यांत झिरपून राखाडी होतो. गडद कपड्यावर बहुतेक वेळा सगळ्या रंगांना मिळून लागत नाही एवढी शाई एकट्या पांढऱ्याला लागते. जास्त पडला तर छपाई पुठ्ठ्यासारखी कडक होते आणि वरचे रंग ओलाव्यात पसरतात. कमी पडला तर चित्र मलूल दिसतं. म्हणजे तो सगळीकडे सारखा टाकून चालत नाही. भगव्याखाली भरपूर हवा, गडद तपकिरीखाली थोडका पुरतो, आणि काळ्या टी-शर्टवर चित्रातल्या काळ्या भागाखाली तो मुळीच नको. तिथे कापडच काळ्या शाईचं काम करतं. काळ्या टी-शर्टवर शिवरायांचं चित्र छापताना दाढी आणि केस कापडाच्या काळ्यातून उमटले तर छपाई मऊ राहते आणि शाईही वाचते. पण किती गडद म्हणजे काळा, ही सीमा कुणी ठरवायची? ती जरा सैल पडली की दाढीतल्या बारीक छटा कापडात बुडतात, आणि तीच मांडणी गडद निळ्या टी-शर्टवर वापरली तर दाढी निळी होते. चांगल्या रिपमध्ये ही सीमा हाताने सरकवता येते आणि पांढरा थर छापण्याआधी पडद्यावर वेगळा पाहता येतो. दुसरी सोय मला पहिलीपेक्षाही मोलाची वाटते, कारण जे दिसत नाही ते दुरुस्तही होत नाही.

मराठी मजकूर छापणाऱ्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. पहिला थर पडल्यावर कापड ओलं होऊन किंचित हलतं आणि रंगाच्या कडेने पांढरी रेघ डोकावते. ती लपावी म्हणून रिप पांढरा थर चहूबाजूंनी थोडा आत घेतो. याला चोक म्हणतात. ७२० डीपीआयला एक पिक्सेल सुमारे ०.०३५ मिलिमीटरचा. तीन पिक्सेलचा चोक दिला तर रेषेच्या दोन्ही बाजू मिळून ०.२१ मिलिमीटर पांढरा जातो. ठसठशीत रोमन अक्षराला त्याने काही होत नाही. देवनागरीत मात्र वेलांटीचं टोक, रफार, अनुस्वार, जोडाक्षरातली निमुळती गाठ या जागा मुळातच नाजूक असतात. ०.३ मिलिमीटरच्या रेषेखाली मग ०.०९ एवढाच पांढरा उरतो, आणि रेष असूनही दिसत नाही. तेच तीन पिक्सेल रिपने ३०० डीपीआयच्या मूळ चित्रावर मोजले तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या रेषेखालचाही पांढरा संपतो. म्हणून चोक कशावर मोजला जातो आणि अक्षरांसाठी तो वेगळा ठेवता येतो का, हे विकत घेण्याआधी मराठी मजकुराची फाइल चालवून बघायला हवं. विक्रेत्याने दाखवलेल्या पोपटाच्या चित्रात हे कळणार नाही.

यावर एक आक्षेप असा की पांढरा थर फोटोशॉपमध्ये स्वतः बनवता येतो, मग रिपवर पैसे कशाला? येतो, आणि कसलेला माणूस तो उत्तम बनवतो. पण रोज वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या फाइली येतात, बऱ्याचशा मोबाइलवरून आलेल्या, कडा अर्धपारदर्शक असलेल्या. अशा प्रत्येक कडेखाली किती पांढरा द्यायचा हे हाताने ठरवत बसलं तर दिवसाचं काम उरकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता फिल्मवर छापून कपड्यावर दाबायची डीटीएफ पद्धत आली, तर डीटीजीची चिंता का करावी? पण तिथे थरांचा क्रम तेवढा उलटतो, रंग आधी आणि पांढरा वर. पांढरा बनवायचं काम रिपकडेच राहतं. शिवाय चिकट पावडर मुख्यतः ओल्या पांढऱ्या शाईला धरते, त्यामुळे पांढरा निसटलेली अक्षराची बारीक मात्रा धुण्यात कपड्यावरून निघून जाते. यंत्राबरोबर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं, हा तिसरा मुद्दा मला निम्मा मान्य आहे. हलक्या रंगाच्या कपड्यांवर मोजकंच काम असेल तर ते खुशाल वापरावं.

पण योग्य रिप निवडला म्हणजे सुटका झाली, असं नाही. टेबलावरचे साधे एप्सन प्रिंटर बदलून जी डीटीजी यंत्रं बनवली जातात, त्यांच्या मूळ ड्रायव्हरला पांढरी शाई ठाऊकच नसते. रिप तिला दुसऱ्या रंगांच्या वाटेने पाठवतो. म्हणजे तिथे रिप बंद तर छपाई बंद. परवाना बहुधा डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या किल्लीवर, आणि ठरावीक मॉडेलपुरता असतो. डोंगल हरवला किंवा प्रिंटर बदलला की पुन्हा खर्च. हे टाळायला बाजारात फिरणाऱ्या चोरीच्या प्रती घेतल्या जातात. त्यामागची ओढाताण समजण्यासारखी आहे, पण त्या प्रतीसोबत संगणकात काय शिरलं हे कळायला मार्ग नाही आणि अडल्यावर विचारायला कुणी नाही, तेही नेमकं सणासुदीच्या ऑर्डरीच्या आठवड्यात. शाईचा खर्च सांगणारी रिपची आकडेमोडही थेंबाचं माप बरोबर भरलं असेल तरच खरी. ते चुकलं तर प्रत्येक टी-शर्टचा भाव चुकतो.

सर्वांत चिवट अडचण प्रोफाइलची. विक्रेता जी रंगांची प्रोफाइल, म्हणजे कुठला रंग किती शाईने उमटवायचा याचा तक्ता, देतो ती त्याच्या शाईसाठी, त्याच्या द्रावणासाठी, त्याच्या कापडासाठी केलेली असते. १८० जीएसएमचा (चौरस मीटरला १८० ग्रॅम) टी-शर्ट जाऊन २२०चा आला, द्रावण फवारणारा हात बदलला, की तोच भगवा वेगळा येतो. स्वतःची प्रोफाइल करायची तर मोजणीचं यंत्र लागतं, आणि कापडाच्या खडबडीत पृष्ठभागावर तेही दोन जागी दोन आकडे दाखवतं. मग कारागीर चाचण्या घेत, टी-शर्ट वाया घालवत, आपल्या कपड्याला जुळणारी पांढऱ्याची मांडणी हळूहळू गाठतो. ही सगळी कमाई त्या रिपच्या स्वतःच्या बंदिस्त फाइलींमध्ये साठते. दुसऱ्या रिपला त्या सहसा वाचता येत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की आकडे वहीत उतरवलेले असले तरच काही हाती राहतं, आणि तेही फक्त अंदाज म्हणून, कारण एका रिपमधला साठ टक्के पांढरा दुसऱ्यात तितकाच पडेल याची खात्री नसते.