लिमिट-ऑफसेट वापरताना ओळी का हरवतात?

समजा, वर्धा जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांच्या कुटुंब-सर्वेक्षणाचा डेटा पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये आहे. ६०,००० ओळी, एका ओळीत एक कुटुंब. पायथनमधून एसक्यूएलअल्केमी वापरून १,०००-१,००० च्या पानांत तो आणायचाय. बहुतेक जण लिमिट १,००० लावतात, ऑफसेट दर फेरीला १,००० ने वाढवतात आणि शेवटी ओळी मोजतात. ६०,००० भरल्या की झालं काम!

इथेच फसगत होते. ऑर्डर-बाय दिलेलं नसेल तर डेटाबेस कुठलाही क्रम पाळायला बांधील नसतो, आणि प्रत्येक पान ही वेगळी क्वेरी असते. मग कारंजाचं एखादं कुटुंब दोन पानांवर येऊ शकतं, समुद्रपूरचं एखादं कुठेच येत नाही, बेरीज तरीही ६०,०००. एरर नाही, वॉर्निंग नाही. चुकीची सरासरी गुपचूप प्रबंधात जाते.

‘पण मी तालुक्यानुसार क्रम लावलाय की!’ तेवढ्यानं भागत नाही. हिंगणघाटच्या सगळ्या ओळींना तालुका एकच, म्हणून त्यांचा आपसातला क्रम मोकळाच राहतो. गावाचं नाव जोडलं तरी तेच (वडगाव नावाची गावं विदर्भात किती, मोजून बघा). क्रमाच्या शेवटी प्रायमरी की हवीच.

एवढं करूनही, डेटा-एंट्री चालू असेल तर धोका उरतो. पहिलं पान आणल्यावर त्यातली एक ओळ कुणी डिलीट केली, की १,००१ वी ओळ १,००० व्या जागी सरकते आणि दुसऱ्या पानातून सुटते.

यावर उपाय म्हणजे कीसेट पद्धत. ‘इतक्या ओळी सोड’ म्हणण्याऐवजी ‘शेवटच्या आयडीपेक्षा मोठे आयडी दे’ म्हणायचं: व्हेअरमध्ये ही अट, आयडीनुसार ऑर्डर-बाय, मग लिमिट. वेळही वाचतो. ऑफसेटमध्ये सोडलेल्या ओळीही डेटाबेसला आधी वाचाव्याच लागतात. ६० पानांसाठी एकूण १८,३०,००० ओळींचं वाचन होतं. कीसेटमध्ये इंडेक्सवरून थेट पुढची ओळ सापडते. थेट ३७ व्या पानावर उडी मात्र मारता येत नाही.

खरं सांगायचं तर, विश्लेषणासाठी सगळाच डेटा हवा असेल तर पानं कशाला पाडायची? एकच क्वेरी चालवा आणि यील्ड-पर १,००० लावा. मेमरीत थोड्याथोड्या ओळी येतात, आणि क्वेरी एकच असल्यानं पोस्टग्रेस्क्यूएल त्या सगळ्या एकाच क्षणाच्या स्थितीतून देतं.