प्रकल्पाचा विषय शिवारातच शोधा

जीवशास्त्राचा प्रकल्प करून आणा, असे सरांनी सांगितले की मुलांची पळापळ सुरू होते. कुणी कर्करोग घेतो, कुणी जागतिक तापमानवाढ. पुस्तकातला मजकूर उतरवायचा, चित्रे चिकटवायची, वर रंगीत कव्हर, झाला प्रकल्प! पण तपासणाऱ्याने 'यात तू स्वतः काय पाहिलंस?' असे विचारले की पोरगं गप्प. वास्तविक सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला विषयाची वानवा नाही. विषय फक्त आवाक्यातला हवा.

त्यासाठी तीन कसोट्या पुरेत. प्रश्न एका ओळीत मांडता यावा. उत्तर मोजून काढता यावे. आणि हाती असलेल्या दिवसांत, घरच्या साहित्यात काम उरकावे.

नान्नजचा माळढोक घ्या. १९७९ साली अभयारण्य झाले, म्हणून पुष्कळ मुले हाच विषय निवडतात. पण हा पक्षी आता इतका दुर्मिळ झाला आहे की मुलाला तो दिसेलच याचा भरवसा नाही. शिवाय संरक्षित पक्ष्याच्या घरट्यामागे लागणे कायद्यात बसत नाही. त्यापेक्षा माळढोकाचे एक खाद्य असलेले नाकतोडे मोजावेत. अभयारण्याबाहेर, आपल्याच शिवारात, चराईच्या माळावर आणि राखलेल्या गवतात प्रत्येकी दहा ठिकाणी चार पावलांचा चौकोन आखून मोजणी करावी. विषय माळरानाचाच राहिला, पण बेतात आला.

डाळिंबाच्या तेल्याचेही तसेच. हा जिवाणूंमुळे होणारा रोग. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, रोगट रोपांतून, छाटणीच्या कात्रीतून तो पसरतो. त्यावरचे उपाय शोधणे हे शास्त्रज्ञांचे काम. केगावला २००५ पासून त्यासाठी राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. मुलाने एवढेच विचारावे : पाऊस पडून गेल्यावर आपल्या बागेत डाग किती दिवसांनी वाढतात? ओळीतले दर पाचवे झाड धरून दहा झाडे घ्यावीत, प्रत्येकाच्या एका फांदीला दोरा बांधावा, दर आठवड्याला डागाळलेली पाने मोजावीत आणि पावसाची नोंद शेजारी लिहावी. रोगट तेवढीच झाडे निवडली तर हिशेब खोटा येतो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना हात धुवावेत, नाहीतर प्रकल्पच रोग पसरवील.

सगळ्यांत स्वस्त आणि घराच्या उपयोगाचा विषय म्हणजे ज्वारीच्या बियाण्याची उगवण. रब्बीची पेरणी तोंडावर आली की घरचे बी उगवेल का, ही चिंता प्रत्येक घरात असते. समजा, वाटणीला आलेली एकाच रानातली मालदांडी एका भावाने कणगीत ठेवली, दुसऱ्याने प्लॅस्टिकच्या पोत्यात. दोन्हींतले शंभर-शंभर दाणे न निवडता घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावेत. पाणी दोन्हींना सारखेच. चौथ्या आणि दहाव्या दिवशी उगवलेले दाणे मोजावेत. हीच चाचणी तीनदा करावी. एकदाच केलेल्यावर विसंबू नये. पेवातले बी हवे असेल तर ते मोठ्या माणसाने, पेव नीट हवेशीर झाल्यावरच काढून द्यावे. मुलांना आत उतरवू नये. आतली कोंडलेली हवा जीव घेते.

प्रमाणित ज्वारी बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के लागते. घरचे बी साठावरच थांबले, तर तो आकडा वहीत ठेवायचा नाही. वडिलांनी पेरणीआधीच बी बदलायचे की प्रमाण वाढवायचे, हे ठरवायला हवे. पोराच्या वहीमुळे दुबार पेरणी टळली, तर याहून मोठा शेरा कोणता?

इथे गावानेही हात द्यायला हवा. वडिलांनी दोन ओळी प्रयोगाला सोडाव्यात आणि त्यांवर मध्येच फवारणी करू नये. ग्रामपंचायतीने आणि महसूल खात्याच्या माणसांनी मंडळातल्या पावसाचे आकडे मुलांना द्यावेत. शाळेला मापे, वजनकाटा, भिंग मिळवून द्यावे. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेनेही १० ते १७ वर्षांच्या मुलांसमोर परिसरातलाच प्रश्न घ्यायचा, असा पायंडा घातला. खेड्यातल्या मुलांना तिथे कमीपणा वाटायचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र मुलांना बजावून सांगावी. दोन्ही बियाण्यांत फरक आढळला नाही, तर 'फरक आढळला नाही' असेच लिहायचे. मार्कांसाठी आकडे फिरवायचे नाहीत. खोट्या आकड्यावर एखाद्याने पेरणी केली, तर नुकसान आपल्याच गावाचे होते.