मऊ घासातून काय निसटतं?

आत्याच्या ताटातून सगळ्यात आधी शेंगदाण्याची चटणी गेली. कण घशात उडतो, म्हणाली. मग लाल माठाची भाजी गेली, कारण तिचे दोरे जिभेवर राहतात. पुढे भाकरी गेली. मासा काट्याच्या भीतीने गेला. दीड वर्षात ताटाची वाटी झाली आणि वाटीत उरली तांदळाची पातळ पेज, वर चमचाभर तूप, आणि दिवसातून दोनदा चहात बुडवलेलं बिस्किट. घरातल्या प्रत्येकाने हे पाहिलं आणि प्रत्येकाने एकच म्हटलं: वय झालं, आता मऊच खायला हवं. मीही तेच म्हटलं. घास किती मऊ आहे एवढंच आम्ही बघत होतो. ताटातून गेलेल्या प्रत्येक पदार्थाबरोबर आणखी काय गेलं, हे कुणी मोजलं नाही.

नंतर हिशेब मांडला तेव्हा चरकलोच. शेंगदाण्यातून मॅग्नेशियम आणि जस्त मिळत होतं. माठातून लोह आणि कॅल्शियम. ज्वारीच्या भाकरीतून पुन्हा लोह आणि मॅग्नेशियम. मासळीतल्या लोहाचा बराचसा भाग शरीर भाजीतल्या लोहापेक्षा सहज उचलतं, तेही बंद झालं होतं. पेजेचा तांदूळ पॉलिश केलेला. धान्यातली बहुतेक खनिजं कोंड्याच्या थरात असतात आणि तो थर गिरणीतच निघून जातो. म्हणजे आत्याचं पोट भरत होतं, पण लोह, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम या चौघांचीही तिच्याकडची आवक जवळजवळ थांबली होती.

गिळणं ही क्रिया इतकी सवयीची की ती किती अवघड आहे हे बिघडल्याशिवाय कळत नाही. एका घासासाठी तोंड, घसा आणि मान यांतल्या स्नायूंच्या सुमारे ३० जोड्या कामाला लागतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी पाच त्यांना हुकूम देतात. जीभ घास मागे ढकलते, टाळूचा मागचा भाग नाकाची वाट बंद करतो, कंठ वर आणि पुढे सरकतो, श्वासनलिकेवरचं झाकण खाली वळतं, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातला हा सगळा खेळ एका सेकंदाच्या आत संपतो. वय वाढतं तशी जिभेची ताकद कमी होते, लाळ कमी होते, गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थोडी उशिरा सुरू होते. एवढ्यानं कुणी आजारी होत नाही. पण त्यावर पक्षाघाताचा छोटासा झटका, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश आला, की ती राखीव ताकद संपते आणि अन्नाचा कण श्वासाच्या वाटेला जाऊ लागतो.

ठसका लागतो तेव्हा आपण घाबरतो. खरी काळजी तो लागत नाही तेव्हाची आहे. घशाची जाणीव मंदावलेल्या माणसाचं पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं, खोकलाही येत नाही. वारंवार येणारा ताप, जेवणानंतर ओलसर, घरघरता झालेला आवाज, जेवायला लागणारा तासभर वेळ ही त्याची लक्षणं. त्या कणाबरोबर तोंडातले जंतूही जातात, म्हणून कवळी आणि हिरड्या स्वच्छ ठेवणं हासुद्धा न्यूमोनिया टाळण्याचाच उपाय आहे. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते दाखवून दिलं.

गिळता येत नाही म्हणून खनिजं कमी पडतात, ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी शंभर वर्षांपूर्वी कागदावर आली. १९१९ साली ब्रिटनमधल्या दोन कान-नाक-घसा तज्ज्ञांनी, कार्डिफच्या पॅटरसन यांनी आणि ग्लासगोच्या ब्राउन केली यांनी, एकाच नियतकालिकात आपापल्या रुग्णांचं वर्णन छापलं. बहुतेक बायका. घन पदार्थाचा घास गळ्याच्या वरच्या भागात अडकतो, जीभ गुळगुळीत आणि लाल, ओठांचे कोपरे चिरलेले. त्याच सुमारास अमेरिकेत मेयो क्लिनिकमधले प्लमर आणि व्हिन्सन अशाच रुग्णांविषयी लिहीत होते. पुढे धागा जुळला: या बायकांच्या शरीरात लोह नव्हतं. अन्ननलिकेच्या अगदी सुरुवातीला, आतल्या अस्तराचा पातळ पडदा तयार झालेला असायचा आणि घास त्याला अडायचा.

लोह म्हटलं की आपल्याला फक्त रक्त आठवतं. पण पेशींना ऊर्जा देणाऱ्या कितीतरी विकरांना लोह लागतं, आणि घशाचं अस्तर हे शरीरातल्या सर्वांत वेगाने झिजणाऱ्या आणि भरून येणाऱ्या भागांपैकी एक. त्यामुळे टंचाईची झळ त्याला लवकर पोचते, आणि गिळणाऱ्या स्नायूंनाही पोचते असं मानतात. म्हणूनच अशा कित्येक रुग्णांना लोह सुरू केल्यावर घास उतरू लागतो. पडदा जाड असेल तर मात्र दुर्बिणीतून तिथली वाट रुंद करावी लागते. या आजारात घशाच्या त्या भागात कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून रुग्णावर लक्ष ठेवावं लागतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनच्या उत्तर भागात हा आजार बायकांमध्ये पुष्कळ होता. आहार सुधारला, पिठात लोह मिसळलं गेलं आणि तो तिथे दुर्मीळ झाला. आपल्याकडे तो आजही दिसतो. दिसणारच. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्या सर्वेक्षणात सत्तरीच्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासलंच गेलं नव्हतं. पण सत्तरीतल्या बाईनं हयातभर सगळ्यांच्या शेवटी जेवून साठवलेली तूट म्हातारपणी आपोआप भरून निघत नाही.

बाकीची खनिजं अशी ठळक खूण सोडत नाहीत. जस्त कमी पडलं की चव बोथट होते, आणि चव नसलेलं जेवण दोन घासांत संपतं. कॅल्शियमचं वागणं आणखी फसवं. स्नायूचं आकुंचन कॅल्शियमच्या कणांशिवाय होत नाही, म्हणून शरीर रक्तातली त्याची पातळी काटेकोर सांभाळतं, आणि आहारातून मिळालं नाही तर हाडांतून काढून घेतं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्ताच्या अहवालात आकडा ठीक दिसतो आणि आतून मणके पोकळ होत राहतात. पाठीला बाक आला की मान पुढे जाते आणि नीट बसून गिळणं आणखी कठीण होतं. मॅग्नेशियमची गोष्ट घरोघरच्या औषधाच्या डब्यात आहे. आम्लपित्तावरच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या तर मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली दिला. ते फार घटलं तर कॅल्शियमही खाली येतं, आणि आधी मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय वर चढत नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे होते. आपल्याकडे गिळण्याच्या तक्रारीवर ठरलेला इलाज म्हणजे मिक्सर आणि पाणी. नाचणीचंच उदाहरण घ्या. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, कुठल्याही प्रमुख धान्यापेक्षा कितीतरी जास्त. वाटीभर पेजेला २० ग्रॅम पीठ घेतलं तर ७० मिलिग्रॅम मिळालं. लवकर उतरावी म्हणून पेज निम्मी पातळ केली की ३५ उरलं. वृद्धांची दिवसाची गरज आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १२०० मिलिग्रॅम सांगितली आहे. वर आपण नाचणीचं सत्त्व फडक्यातून गाळून घेतो. दिसायला सुंदर, लहान बाळापासून सगळ्यांना चालणारं. पण नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः सालीत असतं आणि ती साल फडक्यात राहते. त्यापेक्षा मोड आलेल्या नाचणीचं अगदी बारीक दळलेलं पीठ दुधात शिजवलेलं बरं: मोड आल्यावर खनिजं धरून ठेवणारं फायटेट कमी होतं, आणि पाण्याच्या जागी दूध आल्याने प्रत्येक १०० मिलिलिटरमागे आणखी सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅमची भर पडते. आंबिलीत आंबवण्यानं फायटेट घटतं. हे आपल्या आज्यांना ठाऊक नव्हतं, पण त्या करत बरोबर होत्या.

पातळ म्हणजे सोपं, हा समज तर मुळातून काढायला हवा. पाणी घशातून सर्वांत वेगाने धावतं. मंदावलेल्या घशाला झाकण मिटायला वेळच मिळत नाही. त्यामुळे अनेकांना पातळ पेय दाट करून द्यावं लागतं. किती दाट, यासाठी आता आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७ अशा पायऱ्यांची. पेय तपासायची रीत अगदी घरगुती. १० मिलिलिटरची सिरिंज, टोकावर बोट, पेय भरायचं, बोट काढून दहा सेकंद थांबायचं. चारपेक्षा जास्त ते आठ मिलिलिटर उरलं तर दुसरी पायरी, आठपेक्षा जास्त उरलं तर तिसरी, काहीच गळलं नाही तर चौथी. कुणाला कोणती पायरी हवी, आणि मुळात दाट करायची गरज आहे का, हे वाचा-उपचारतज्ज्ञाने तपासून ठरवायचं असतं. वांद्र्याच्या, १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेत या विषयातले लोक तयार होतात, पण गिळण्याची तक्रार घेऊन त्यांच्याकडे जायचं असतं हेच बहुतेक कुटुंबांना माहीत नसतं. दाट पाणी माणसं कमी पितात, त्यातून शरीर कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतो, म्हणून हा निर्णय अंदाजाने घेऊ नये.

सर्वांत धोक्याचं मिश्रण आपण प्रेमाने वाढतो: भाकरी कुस्करून पातळ आमटीत किंवा दुधात. आमटी आधी निसटते, तुकडा मागून येतो, आणि घशाला एकाच घासात दोन वेग सांभाळावे लागतात. भाकरी पुरती भिजवून, घोटून एकजीव केली तर तोच काला चालू शकतो.

औषधांबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं असतं. ती अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजल्यासारखी जखम होते. लोहाच्या आणि पोटॅशियमच्या गोळ्याही अशीच इजा करतात. ज्याला साधं पाणीच उतरत नाही त्याला ही गोळी देऊ नये. हाडांसाठी शिरेतून वर्षातून एकदा द्यायचं औषध उपलब्ध आहे, त्याबद्दल विचारावं. कुठलीही गोळी कुटण्याआधीही विचारावं, कारण काहींवरचं आवरण मुद्दाम दिलेलं असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजूनच. आणि फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर भरवू नये, नळीनेसुद्धा. रक्तातलं फॉस्फेट अचानक पेशींत शिरतं आणि हृदयापर्यंत संकट येतं. दुसऱ्या महायुद्धात सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं.

आत्याच्या घशात पडदा निघाला नाही. एका जुन्या, कुणाच्या लक्षातही न आलेल्या झटक्याने तिचं गिळणं मंद झालं होतं, आणि लोहाचा साठा तळाला गेला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तिचं लोहाचं औषध पातळ, म्हणून तेही डॉक्टरांना विचारून दाट करून द्यायचं ठरलं, दुधाशिवाय आणि चहापासून लांब. काही आठवड्यांनी जिभेची आग थांबली. लाल माठ परत आला, कोवळा, शिजवून वाटलेला, लिंबू पिळलेला. सिरिंज आता स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी असते. दहा अंक आत्या स्वतः मोठ्याने मोजते, आणि पेज पातळ निघाली की वाटी परत पाठवते.