मोरीचं पाणी, हिरवं शेवाळ आणि मोटारीचं इंधन

भांड्यांचं, कपड्यांचं, गुसलखान्याचं पाणी एकदा मोरीतून गेलं की आपल्या लेखी त्याचा हिशेब संपतो. पण ज्याला आपण घाण म्हणतो, त्यात नत्र आणि स्फुरद असतं. शेतकरी हेच खताच्या गोणीतून विकत घेतो. असं पाणी तलावात गेलं की शेवाळ माजतं, ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. मग शेवाळाची ही भूक आपल्या कामाला लावता येईल का?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात हाच प्रश्न हाती घेतला. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात, पण त्यांना प्राणवायू लागतो. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात तो यंत्राने हवा फुंकून द्यावा लागतो आणि विजेचा मोठा खर्च तिथेच होतो. डोळ्यांना सुटं न दिसणारं सूक्ष्म शेवाळ मात्र उन्हात स्वतःच प्राणवायू सोडतं. जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो शेवाळ घेतं. सोबत नत्र आणि स्फुरदही शोषतं. दोघांचं भागतं आणि पाणी निवळतं. त्यासाठी ऊन तळापर्यंत पोहोचेल असे उथळ तलाव बांधतात. त्यात पाणचक्कीसारखं एक चाक पाणी हळूहळू फिरवत ठेवतं.

दक्षिण स्पेनमधल्या चिक्लाना गावात २०११ साली युरोपीय संघाच्या मदतीने असा प्रकल्प सुरू झाला. तिथे गावाच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवलं, ते पाण्यातून वेगळं काढलं आणि बंद टाकीत कुजवलं. ही टाकी म्हणजे आपला गोबरगॅसच, फक्त शेणाऐवजी शेवाळाचा. निघालेला वायू शुद्ध करून त्यावर मोटारी चालवल्या.

मग हे सगळीकडे का नाही? शेवाळापासून डिझेल काढायचे प्रयत्न अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं केले आणि थांबवले. कारण ते डिझेल खनिज तेलापेक्षा फार महाग पडत होतं. इतके बारीक कण पाण्यातून गोळा करणं खर्चिक असतं. उथळ तलावांना जागाही भरपूर लागते. ढगाळ दिवसांत शेवाळाची वाढ मंदावते, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा.

म्हणून 'शेवाळातून पेट्रोल' असा मथळा दिसला की आपण हुरळून जाऊ नये. नुसत्या इंधनासाठी शेवाळ पिकवणं परवडत नाही. पण पाणी तर शुद्ध करावंच लागतं. तो खर्च होणारच असेल, तर त्याच खर्चात वीज वाचणं, वायू मिळणं आणि उरलेल्या गाळाचं खत होणं ही वरकमाई ठरते. मोकळी जमीन आणि भरपूर ऊन असलेल्या लहान गावांना हा मार्ग मोठ्या शहरांपेक्षा जास्त सोयीचा आहे.

आपल्या गावाचं सांडपाणी कुठे जातं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? नगरपरिषदेत, ग्रामसभेत हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. नववी-दहावीतल्या मुलामुलींना तर तो गटार सुटतं तिथे नेऊन दाखवावा. विज्ञानाच्या पुस्तकातलं प्रकाशसंश्लेषण कशासाठी शिकायचं, ते त्यांना तिथे उमगेल.