प्रोसेसर थांबलाय, पण कुणासाठी?

सर्व्हर मंदावला की पहिला आळ प्रोसेसरवर येतो. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेतून ऐन मार्चअखेरीला मॅनेजरसाहेबांचा फोन आला, तेव्हाही तेच. "मॅडम, पासबुकात एक नोंद छापायची तर माणूस काउंटरवर ताटकळतोय. प्रोसेसर कमी पडतोय म्हणे. विक्रेत्यानं नव्या सर्व्हरचं कोटेशनसुद्धा पाठवलंय, सही करू का?" म्हटलं, "साहेब, सही जरा थांबवा. आधी मला आत शिरू द्या." अशा छोट्या संस्थांचे सर्व्हर मी पुण्यात बसून सांभाळते. प्रोसेसर खरंच कमी पडतोय असं माझ्या पाहण्यात फार क्वचित आलंय.

लिनक्सच्या सर्व्हरवर 'टॉप' अशी आज्ञा दिली की वरच्या ओळींत प्रोसेसरच्या वेळेचा हिशेब दिसतो. 'यूएस' म्हणजे तुमच्या कामात गेलेला वेळ, 'आयडी' म्हणजे निव्वळ रिकामा वेळ. 'डब्ल्यूए' हा तिसराच प्रकार. प्रोसेसर रिकामाच असतो, पण डिस्ककडे काहीतरी मागितलंय आणि ते अजून आलेलं नाही, म्हणून रिकामा. त्या दिवशी 'यूएस' सहा-सात टक्के होतं आणि 'डब्ल्यूए' साठच्या वर. मंगल कार्यालयात आचारी हात पुसत उभा आहे, कारण कोठीतून डाळ आणायला गेलेला पोरगा अजून आलेला नाही. अशा वेळी आणखी चार आचारी बोलावण्याचं कोटेशन विक्रेत्यानं दिलं होतं.

शेजारीच 'लोड अ‍ॅव्हरेज' म्हणून तीन आकडे असतात. त्या संस्थेचा लोड आठ कोअरच्या मशिनवर वीसच्या पुढे गेला होता, आणि विक्रेत्यानं बोट ठेवलं होतं ते याच आकड्यावर. गंमत अशी की प्रोसेसरसाठी रांगेत उभी असलेली कामं लिनक्सच्या लोडमध्ये धरली जातातच, पण डिस्कसाठी अडकलेलीही धरली जातात. १९९३ मध्ये मॅथियास उर्लिख्स यांनी दिलेल्या एका दुरुस्तीनं हे सुरू झालं. त्यामुळे प्रोसेसर झोपा काढत असतानाही लोड आभाळाला टेकू शकतो.

आता ही डिस्क इतकी हळू का? साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि सुई योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या नोंदी वाचायच्या तर सेकंदाला जेमतेम पाऊणशे ते शंभर. एका नोंदीमागे जाणाऱ्या या बारा मिलिसेकंदांत तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३ कोटी ६० लाख टोले मारतो. डिस्क हे शेवटी यंत्र आहे, हे ब्रेंडन ग्रेग या अभियंत्यानं २००८ च्या अखेरीस मजेत दाखवून दिलं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना तो डिस्कांच्या कपाटाजवळ जाऊन जोरात ओरडला, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कांचा विलंब चढलेला दिसला. एसएसडीत फिरणारं काही नसतं, म्हणून ती सेकंदाला हजारोंनी कामं उरकते. पण आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांत अजून तबकड्याच फिरतायत.

मी आधी मेमरी पाहते. रॅम अपुरी पडली की लिनक्स त्यातला काही भाग डिस्कवर टाकतं आणि हवा तेव्हा परत आणतं. ही स्वॅपची ये-जा 'व्हीएमस्टॅट'मधल्या दोन रकान्यांत दिसते. पतसंस्थेत दोन्हीकडे शून्य. मग 'आयओस्टॅट': वाचन झटपट, पण प्रत्येक लेखनाला चाळीस-पन्नास मिलिसेकंद. 'आयओटॉप'मध्ये सगळ्यात वर डेटाबेस, आणि तो लिहीत होता तरी किती, तर सेकंदाला काही शे किलोबाइट. एवढ्याशा कामाला डिस्क धापा टाकत असेल, तर दुखणं तिच्या आसपास कुठेतरी असतं.

ते निघालं रेड कार्डात, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणाऱ्या कार्डात. या कार्डावर स्वतःची थोडी मेमरी असते. डेटाबेसनं नोंद दिली की कार्ड ती मेमरीत ठेवून 'लिहिलं' म्हणून लगेच पावती देतं आणि डिस्कवर सवडीनं उतरवतं. लाइट गेली तर ती मेमरी जपायला एक छोटी बॅटरी असते. बॅटरी मेली की बहुतेक कार्डं आपणहून ही सवलत बंद करतात. मग प्रत्येक नोंद प्रत्यक्ष तबकडीवर उतरेपर्यंत डेटाबेस खोळंबतो. त्यातून या सर्व्हरवर रेड-५, म्हणजे एक छोटी नोंद लिहायला चार फेऱ्या: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर डेटा परत जुळवायचा हिशेब) वाच, मग दोन्ही नव्यानं लिही. मार्चअखेर म्हणजे खात्यामागून खात्यावर व्याजाच्या नोंदी. दुसरं काय होणार होतं?

बॅटरी नसतानाही कार्डाला ती सवलत चालू ठेवायला भाग पाडता येतं. "तेवढं करून द्या ना," असं कार्यालयातल्या एका हुशार मुलानं सुचवलंही. मी साफ नकार दिला. लाइट गेल्यावर लोकांच्या ठेवींच्या नोंदी हवेत विरल्या तर कुणाच्या नावानं बोंब मारायची?

दर वेळी बॅटरीच असते असं नाही. डेबियनवर सॉफ्टवेअर रेड असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी सगळ्या डिस्कांची पडताळणी सुरू व्हायची, आणि ती सकाळपर्यंत चालली की रविवारी कामावर आलेले लोक माझ्या नावानं खडे फोडायचे. कधी एखाद्या डिस्कचे सेक्टर मरायला लागलेले असतात. कधी डेटाबेसच्या टेबलला इंडेक्स नसतो आणि एका नावासाठी सगळं टेबल चाळलं जातं.

'डब्ल्यूए'च्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. आठ कोअरच्या मशिनवर एकच काम डिस्कपाशी अडकलं तर तो फार तर साडेबारा टक्के दिसेल, आणि तेच काम नेमकं तुमचं असू शकतं. उलट दुसरं एखादं जड गणिती काम चालू केलंत तर आकडा उतरतो, कारण रिकामा वेळच उरत नाही. डिस्क मात्र तेवढीच हळू. डिसेंबर २०१८ मधल्या लिनक्स ४.२० पासून 'प्रेशर' नावाचे वेगळे आकडे मिळतात. कामं किती वेळ खोळंबली हे ते थेट सांगतात. मला ते जास्त पटतात.

भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर शेजारचा 'एसटी' रकाना पाहा. तिथं प्रोसेसर डिस्कसाठी थांबलेला नसतो. त्याची पाळी दुसऱ्याच भाडेकरूला दिलेली असते. व्हीएमवेअरमध्ये यालाच 'सीपीयू रेडी' म्हणतात. २० सेकंदांच्या मापात १००० मिलिसेकंद म्हणजे एका कोअरमागे पाच टक्के, आणि त्यापुढे लोक कुरकुरायला लागतात. तिथं कोअर वाढवून मागणं पुष्कळदा अंगाशी येतं, कारण जास्त कोअरना एकदम मोकळी जागा मिळणं आणखी अवघड.

पतसंस्थेत नवी बॅटरी बसली आणि ती भरली तसं 'डब्ल्यूए' एक-दोन टक्क्यांवर आलं. नव्या सर्व्हरच्या किमतीपुढे बॅटरीची किंमत म्हणजे किरकोळ खर्चाचं व्हाउचर. कार्डानं सूचना आधीच नोंदवून ठेवली होती, फक्त ती कुणाला ई-मेलनं जात नव्हती.

तुमच्या संस्थेत सर्व्हर असेल तर तो सांभाळणाऱ्याला या आठवड्यात दोन गोष्टी विचारा: रेड कार्डाची बॅटरी कधी बदलली, आणि ती बिघडली तर ई-मेल कुणाला येतो? दुसऱ्या प्रश्नावर तो घुटमळला, तर तो ई-मेल आधी चालू करून घ्या, मग कोटेशन मागवा.