फटफटीच्या साखळीचे तेल

कोल्हापूर भागात जुनी बुलेट अजून पुष्कळ घरांत आहे. मूळची ही गाडी विलायतेतल्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि तिथे तिची जुळणी सुरू झाली. पुढे १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला, पण मद्रासची बुलेट कितीतरी वर्षे त्याच जुन्या बांधणीची राहिली. त्या बांधणीतली एक गोष्ट आज आपण पाहू.

इंजिनाचं ऑइल सगळेच बघतात. पण डाव्या पायाच्या आतल्या बाजूला जी लांबट, फुगीर पेटी असते, तिच्यात काय आहे, असं विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. इंजिनाचा जोर क्लचपर्यंत नेणारी साखळी या पेटीत असते. क्लचही तिथेच. जुन्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि ही पेटी यांची खाती तीन वेगळी. एकात भरलेलं तेल दुसऱ्याला मिळत नाही.

मग पेटीत तेल किती असावं? विहिरीवरचा रहाट आठवा. रहाटाची गाडगी तळाशी पाण्यात बुडतात आणि पाणी वर आणतात. सगळा रहाट काही पाण्यात बुडवावा लागत नाही. साखळीचंही तसंच आहे. तिचा खालचा पदर तेलात जरासा बुडाला की फिरता फिरता ती स्वतःच तेल वर नेते. याला अर्ध्या लिटरहून थोडं कमी तेल पुरतं. तेल कमी पडलं तर साखळी कोरडी घासते, तापते, लांबते आणि खळखळू लागते. भर घाटात ती तुटली तर इंजिन फटफट करत राहतं आणि गाडी जागेवर! आणि तेल जास्त झालं तर? ते घुसळलं जातं, कव्हरच्या सांध्यातून गळतं, क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून राहतात आणि गिअर टाकताना कडकड होते. 'जास्त घातलं तर काय बिघडतंय?' हे म्हणणं इथे चालत नाही.

माप बघायला कव्हरवर एक लेव्हलचा स्क्रू असतो. तो काढावा आणि वरच्या झाकणातून तेल हळूहळू ओतावं. स्क्रूच्या भोकातून तेल पाझरू लागलं की थांबावं. जादा तेल वाहून गेलं की स्क्रू लावावा. मात्र गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी सरळ उभी हवी. बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेल बाहेरच्या कव्हरकडे येतं आणि पुरेसं नसतानाही भोकातून वाहू लागतं. आपल्याला वाटतं, पेटी भरली. त्याच वेळी वरच्या भोकातून साखळीचा ताणही बघावा. ती सगळ्यात घट्ट असते त्या जागी पाव इंच वरखाली हलली पाहिजे. कव्हर एकाच मोठ्या नटावर बसतं. गळती थांबवायला तो नट जोर लावून आवळण्याची खोड पुष्कळांना असते. त्याने कव्हर वाकतं आणि गळती वाढते. आतली रबराची कडी बदलणं हाच उपाय.

आपण न घालता पेटीतलं तेल वाढलं, तर त्याचा अर्थ ओळखायला शिका. इंजिनाच्या दांड्यावरचं सील झिजलं की इंजिनाचं तेल या पेटीत उतरतं. इकडे पेटी भरते, तिकडे इंजिनाचं तेल घटत जातं. जादा तेल काढून टाकून गाडी तशीच हाकली तर एक दिवस इंजिनच कोरडं पडायचं.

आता आपल्या भागातली अडचण. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. चिखली, आंबेवाडीकडे आणि शिरोळ तालुक्यात पाणी घरांत शिरलं. २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार. पुरात बुडालेल्या गाडीच्या पेटीत पाणी जातं आणि तेव्हा लेव्हलचा स्क्रू आपल्याला फसवतो. गुरुजींनी वर्गात काचेच्या बाटलीत पाणी आणि तेल एकत्र ओतून दाखवावं: पाणी तळाला बसतं, तेल वर तरंगतं. पेटीतही हेच होतं. भोकातून तेल येतं, माप बरोबर दिसतं. पण साखळी पाण्यात उभी असते आणि क्लचच्या पोलादी चकत्यांना गंज चढत असतो.

अशा गाडीला आधी किक मारू नये. तळाला स्क्रू असेल तर तो, नसेल तर कव्हरच उतरवून सगळं बाहेर काढावं. ताकासारखं पांढुरकं निघालं तर पाणी शिरलं हे नक्की. आत पुसून नवं तेल भरावं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांतलं तेलही बदललं की मगच गाडी थोडा वेळ चालवावी, आणि पेटीतलं तेल पुन्हा काढून बघावं. अजून पांढुरकं असेल तर आणखी एकदा.

२००९ नंतर टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या बांधणीच्या बुलेटमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच यांना तेल एकच असतं. तिथे हा वेगळा हिशेब नाही. पण पुराचं पाणी शिरलं तर ते एकाच वेळी सगळीकडे पोचतं.