800 कोटी विषाणू आणि एक स्टेशन

खांडबाऱ्याहून सुरतेकडे निघालेली गाडी नवापूर स्टेशनातच राज्य बदलते. सुमारे 800 मीटरच्या या स्टेशनाचा 300 मीटर भाग महाराष्ट्रात, बाकीचा 500 मीटर गुजरातेत. बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू साधारण 100 नॅनोमीटरचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाला एक लावून मांडला, तर 800 कोटी लागतील. पृथ्वीवर माणसंही जवळपास तितकीच. 300 कोटी आपल्या हद्दीत, 500 कोटी गुजरातच्या. अर्थात ही वाटणी आपली, विषाणूची नव्हे.

2006 च्या सुरुवातीला नवापूरच्या पोल्ट्रीत मर लागली तेव्हा पहिला संशय मानमोडी या कोंबड्यांच्या नेहमीच्या रोगावरच गेला. 18 फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला: एच5एन1, भारतातला पहिलाच. दहाच दिवस आधी नायजेरियाने आफ्रिकेतला पहिला उद्रेक कळवला होता. फेब्रुवारी सरायच्या आत शेजारच्या नायजरमध्ये रोग सापडला, मार्चमध्ये कॅमेरूनमध्ये. चाड सरोवराच्या काठचे हे गरीब देश. प्रत्येकाचं सरकार वेगळं, तिजोरी वेगळी.

आपल्याकडे निदान वरती एक केंद्र होतं. त्याचा तेव्हाचा नियम: बाधित जागेपासून 3 किलोमीटरपर्यंत पक्षी ठेवायचे नाहीत, 10 किलोमीटरपर्यंत पाळत. ऐकायला तिपटीचाच फरक. क्षेत्रफळ मात्र 28 चौरस किलोमीटरवरून 314 वर जातं, अकरा पटींनी. नवापूरभोवती एवढं वर्तुळ काढलं की ते उच्छल तालुक्यात शिरणारच. उच्छल तेव्हा सुरत जिल्ह्यात होता. म्हणजे दोन राज्यांचे दोन कलेक्टर, दोन पशुसंवर्धन खाती आणि वर्तुळ एकच. पांढऱ्या सुटातली, मास्क-गॉगल लावलेली माणसं शेडमध्ये शिरत. बाहेर जेसीबी खड्डे खणत. त्यात कोंबड्या, वर चुना, वर माती.

पुढे जळगाव आणि मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरपर्यंत रोग गेला. एप्रिलपर्यंत तिन्ही राज्यांत मिळून 10.44 लाख पक्षी मारले गेले. दीड किलोची एक कोंबडी धरली तरी 1,500 टनांवर वजन, दहा टनी दीडशे ट्रक. माणसाला मात्र एकालाही लागण झाली नाही, आणि हे त्या मोहिमेचं मोठंच यश.

मला मात्र सगळ्यात चक्रावून टाकतो तो बारका आकडा. भरपाई झाली 2.70 कोटी, पक्ष्यामागे सरासरी 26 रुपये. मर लागल्याचं पहिल्यांदा कळतं ते पोल्ट्रीवाल्याला. तो 26 रुपयांसाठी तोंड उघडणार, की धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या रातोरात टेम्पोत घालून हद्दीपलीकडे विकणार? नाक्यावर कितीही पोलीस उभे करा, दोन राज्यांचं सहकार्य या हिशेबावर अडतं.

2008 मध्ये, शेजारच्या बांगलादेशात साथ आल्यावर, पश्चिम बंगालात 42.62 लाख पक्षी मारावे लागले. भरपाई 12.29 कोटी, म्हणजे पक्ष्यामागे 29 रुपये. दोन वर्षांत तीन रुपयांची वाढ.